नमुना वाचता येत नाही

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली कुलथेचा प्रिंटर रुसला.

रुसला हा तिचाच शब्द. बार्शीत तहसील कचेरीसमोर 'श्रीकृपा झेरॉक्स' हे दुकान तिने आणि तिच्या नवऱ्याने, सुहासने, उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. तिथे हाताखालून गेलेल्या यंत्रांविषयी ती माणसांविषयी बोलावं तसं बोलायची. हा कागद खातो, तो शाई ओकतो, तिसऱ्याला दुपारची झोप लागते. सातबाऱ्याचा उतारा अर्धा बाहेर येऊन अडकलाय आणि समोर चार गावचे लोक ताटकळत उभे आहेत, अशा वेळी भलेभले हात टेकतात. वृषाली ओढणी कमरेला बांधून झाकण उघडायची आणि कागद अलगद ओढून काढायची. त्यामुळे घरातला एवढासा डबा चालेना, याची तिला आधी गंमत वाटली आणि मग राग आला.

हा डबा कागदावर छापणारा नव्हता. तो औषध छापायचा. तांदळाच्या पिठाची, पापडाहून पातळ चकती त्याच्या पोटातून सरकायची, तिच्यावर केसाएवढ्या नळ्यांतून औषधाचे थेंब पडायचे, आणि हिरव्या ठिपक्यांची चकती खालच्या ताटलीत येऊन पडायची. ती जिभेवर ठेवली की विरघळून जायची. रोज सकाळी, चहाच्या आधी. औषधाचं नाव होतं निवांत.

आज ताटली रिकामी होती आणि पडद्यावर अक्षरं होती : 'नमुना वाचता येत नाही.'

या निवांतविषयी थोडं सांगायला हवं. माणसाला एकटं वाटतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न पूर्वी कवींच्या ताब्यात होता. मग मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी तो आपल्याकडे घेतला. त्यांना मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक लहानसा पुंजका सापडला. पोट रिकामं झालं की भूक लागते, अंगातलं पाणी घटलं की तहान लागते. तसंच आपली माणसं बरेच दिवस भेटली नाहीत की हा पुंजका जागा होतो आणि आतून टोचत राहतो. ऊठ, कुणाकडे तरी जा, कुणाला तरी हाक मार. म्हणजे एकटं वाटणं हा काही कुणाचा हळवेपणा नव्हता. ती एक सरळसाधी भूक होती, आणि इतर भुकांसारखीच तीही मोजता येत होती. पुंजका जागा झाला की घामात काही द्रव्यं उतरतात, कातडीखालच्या रक्ताची लय बदलते. प्रिंटरच्या दर्शनी भागावर काचेची एक इवलीशी गोल खिडकी असे. तिच्यावर अंगठा ठेवला की आतून प्रकाश पडायचा आणि आजची भूक किती, ते यंत्राला कळायचं.

मग तेवढंच औषध. कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर माणूस दिवसभर पेंगणार. कारखान्यात एका मापाच्या गोळ्या करून भागेना, म्हणून घरोघरी हे प्रिंटर आले. औषध त्या पुंजक्याला झोपवायचं. भूक भागत नसे, लागत मात्र नसे. हा फरक माहितीपत्रकात दिलेला होता, पण अगदी बारीक अक्षरात, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे बारीक अक्षरांचे कागद छापून देणाऱ्या वृषालीने स्वतःचा तेवढा वाचला नाही.

तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सुहास गेल्यावर पहिलं वर्षभर ती अक्षरशः वेडीपिशी झाली होती. दुपारी घराला कुलूप लावून ती उगाच एसटी स्टँडवर जाऊन बसायची, का तर तिथे माणसं असतात. डॉक्टरांनी निवांत लिहून दिलं आणि आठवड्याभरात ती घरी बसून शांतपणे वाटाणे सोलायला लागली. ज्याने तो काळ पाहिला असेल, तो या औषधाला वाईट म्हणणार नाही.

तर आता प्रिंटर. वृषालीने आधी तो बंद केला, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा सुरू केला. हे पहिलं औषध कुठल्याही यंत्राला लागू पडतं असा तिचा अनुभव होता. लागू पडलं नाही. तिने चकत्यांची चळत बाहेर काढली, फुंकर मारली, सारखी करून परत बसवली. शाईची, म्हणजे औषधाची, नळकांडी काढून हलवली. नळ्या साफ करण्याचं बटण दाबलं. डबा घुरघुरला, थरथरला आणि पुन्हा तीच अक्षरं दाखवून गप्प झाला. शेवटी तिने नाइलाजाने मदतीचा क्रमांक लावला.

"नमस्कार, वृषालीताई! मी तुमची काय मदत करू?" पलीकडचा आवाज गोड होता आणि यंत्राचा होता.

"प्रिंटर नमुना घेत नाही."

"समजलं. यंत्राला वीज मिळते आहे का?"

"मिळत नसती तर अक्षरं कुठून दिसली असती, बाई?"

"छान! चकत्या भरलेल्या आहेत का?"

"आहेत."

"छान! अंगठा कोरडा आणि स्वच्छ आहे का?"

"साबणाने धुतलाय."

"छान! नमुन्याची खिडकी स्वच्छ आहे का?"

इथे वृषालीचा पारा चढला. "अहो, कालच सगळं यंत्र पुसून लखलखीत केलंय. पुसूनच तर पूजा केली."

"छान!" आवाज म्हणाला. पूजेविषयी त्याला काही विचारायचं नव्हतं. "तुमची तक्रार नोंदवली आहे. सणाच्या सुट्ट्यांमुळे आमचे तंत्रज्ञ पुढच्या आठवड्यात येतील."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत आप्तेष्टांच्या सहवासात वेळ घालवावा," असं म्हणून आवाज बंद झाला.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीने चहा केला आणि कप घेऊन बसली, तर घर फार मोठं झाल्यासारखं वाटलं. फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. तो रोजच येत असणार, पण तिला तो जणू पहिल्यांदा ऐकू आला. टेबलावर परवाचं ताट तसंच होतं, त्यात आपट्याची पानं. कुणी सोनं द्यायला आलं तर परत द्यायला हवं म्हणून तिने सवयीने पानं आणून ठेवली होती, आणि एकही पान हललं नव्हतं. कुणीच आलं नव्हतं. मागच्या दसऱ्याला तरी आलं होतं का? तिने आठवून पाहिलं. त्याच्या आदल्या? प्रत्येक वर्षी ती पानं वाळली की कचऱ्यात टाकत आली होती, आणि कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. छातीच्या मधोमध, घास अडकावा तसं काहीतरी बसलं आणि पाणी पिऊनही ते खाली उतरेना.

तिने एक पान उचललं आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे भालेराव सर राहायचे. एकेकाळी हा माणूस जिन्यात भेटला की सुटका नसे. बाजारातल्या भेंडीपासून चंद्रावरच्या वसाहतीपर्यंत सगळं ऐकवायचा. सुहास तर सरांची चाहूल लागली की दाराआड लपून उभा राहायचा.

सरांनी दार उघडलं. चेहरा प्रसन्न होता. "या, या. काही हवं होतं का?"

"सोनं द्यायला आले, सर."

"अरे वा." त्यांनी पान घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "दसरा झाला नाही का?"

"झाला. परवाच."

"हो का? छान." ते हसले. वृषाली थांबली. आता ते काहीतरी बोलतील, निदान भेंडीबद्दल तरी बोलतील, अशी तिला आशा होती. सर तसेच प्रसन्न उभे राहिले. मग, "बरं तर," म्हणून त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, अगदी हळू लावलं. त्यात राग नव्हता, कंटाळा नव्हता, काहीच नव्हतं.

ती जिन्यात उभी राहिली. तीन मजल्यांच्या या इमारतीत भांडणं व्हायची, पार्किंगवरून, पाण्यावरून, कुणाच्या कुत्र्यावरून. कोजागिरीला गच्चीवर दूध आटायचं आणि त्यात साखर किती यावरूनही दोन तट पडायचे. ते सगळं कधी थांबलं? कुणी थांबवलं नव्हतं. कुणाला गरज राहिली नाही, एवढंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने मेघनाला फोन केला.

मेघना तिची धाकटी बहीण, लातूरला असायची. पूर्वी रोज सकाळी मेघनाचा फोन यायचाच. तिचा मुलगा अभ्यास करत नाही, तिची गुडघेदुखी, तिच्या शेजारणीचा आगाऊपणा, असं सगळं सविस्तर. स्पीकरवरून घरभर आवाज जायचा आणि सुहास म्हणायचा, "लातूर केंद्र लागलं." नवरा गेला, मुलगा परदेशी गेला, तेव्हा मेघनालाही तिच्या डॉक्टरांनी निवांत दिलं. त्यानंतर फोन विरळ झाले, मग दिवाळीपुरते राहिले, मग दिवाळीचेही राहिले नाहीत. दोघींतल्या कुणालाही ते खटकलं नाही. आता वृषालीला तिचा नंबर शोधावा लागला.

"ताई! किती दिवसांनी. सगळं ठीक ना?"

तो आवाज ऐकून वृषालीचे डोळे भरून आले. "ठीक आहे गं. तू कशी आहेस?"

"मी मजेत."

"गुडघे?"

"दुखतात. चालायचंच."

"केदार येऊन गेला का?"

"केदार?" मेघनाने आठवायला वेळ घेतला. मुलाचं नाव विसरली नव्हती, नुसता त्याचा विचार करून बरेच दिवस झाले होते. "नाही. कामात असतो. काही अडत नाही माझं."

"मेघू, एकटं नाही वाटत?"

"मुळीच नाही. का गं, काही काम होतं का?"

"नाही. सहजच केला."

"बरं. ठेवू मग?"

फोन ठेवला गेला. वृषाली टेबलावर डोकं ठेवून रडली. सुहास गेल्यानंतरच्या वर्षात रडली होती तशी, आवाज करून. ऐकायला कुणी नव्हतं, आणि भालेराव सरांना ऐकू गेलं असतं तरी ते प्रसन्नच राहिले असते. आपण मेलो तर हे लोक 'हो का?' म्हणतील, असं तिच्या मनात आलं. आपणही त्यांच्यासाठी तेवढंच म्हणालो असतो, असंही लगेच मनात आलं, आणि दुसऱ्या विचाराने ती जास्त घाबरली.

आता काहीही करून तो डबा चालू व्हायला हवा होता. हे दुखणं तिला सोसवत नव्हतं. डोळे हाताने पुसत ती उठली, प्रिंटरपुढे उभी राहिली आणि रागारागाने ओला अंगठा खिडकीवर दाबून घासला.

अंगठा वर उचलला तर तो लालभडक होता. क्षणभर तिला वाटलं रक्तच आलं. मग तिने अंगठा नाकाशी नेला, बोटांत चोळून पाहिला.

कुंकू.

दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, तर आधी यंत्र पुसायचं, मग त्याला हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं, नमस्कार करायचा. दुकानातल्या प्रत्येक मशीनला तिने दरवर्षी कुंकू लावलं होतं आणि एकही मशीन त्याने बिघडलं नव्हतं. या डब्याला कुंकू लावायचं कुठे? तर मधोमध, कपाळाच्या जागी, ती छान गोल काच होतीच. गेली चार वर्षं फुलावर भागलं होतं, यंदा तिने हौसेने नवं ओलं कुंकू आणलं आणि ठसठशीत टिळा लावला. तो वाळून काचेला असा घट्ट बसला की कोरड्या अंगठ्याला लागेना. यंत्र आतून प्रकाश टाकत होतं आणि त्याला अंगठ्याच्या जागी कुंकवाचा लाल पडदा दिसत होता. तीन दिवस तो टिळा वृषालीच्या डोळ्यांसमोर होता. खिडकी स्वच्छ आहे का, असं त्या आवाजाने स्वच्छ मराठीत विचारलंही होतं. पण कुंकू म्हणजे घाण, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

तिने कापसाने काच पुसली. अंगठा धुतला आणि खिडकीवर टेकवला. डबा आनंदाने गुणगुणला, नळ्या सरकल्या, आणि ताटलीत चकती पडली. एरवी हिरवे ठिपके मोजके असत. आज चकती जवळजवळ सगळी हिरवी होती.

आणि वृषालीला हसू फुटलं. आयुष्य गेलं प्रिंटर दुरुस्त करण्यात आणि या बयेने स्वतःच्या हाताने यंत्राच्या डोळ्यात कुंकू भरलं! हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. सुहास असता तर पुढचा महिनाभर गिऱ्हाइकांना सांगत सुटला असता. उरलं होतं ते एकच माणूस. चकती तशीच ताटलीत ठेवून तिने परत लातूरला फोन लावला.

"ताई? आत्ताच तर बोललो."

"अगं ऐक तर, काय गंमत झाली!" तिने सगळं सांगितलं, टिळा, काच, 'छान छान' करणारा आवाज, लाल अंगठा. "मला बाबाच आठवले बघ. कुर्डुवाडीला दुकानात सायकलींची पूजा करायचे आणि त्या जोशी मास्तरांच्या सायकलच्या सीटलाच कुंकू लावलं होतं. मास्तर पांढरी पँट घालून शाळाभर फिरले! तू इतकी हसलीस की तुला उचकी लागली, आई पाणी घेऊन मागे पळत होती..."

"हो, आठवतं." मेघना म्हणाली. "बरं झालं, दोष सापडला."

वृषाली तिच्या हसण्याची वाट पाहत राहिली. पलीकडे मेघना नुसती फोन धरून होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

"मेघू," वृषाली म्हणाली, "मला तुझी फार आठवण येते. मला तुझ्याशिवाय करमत नाही गं."

मग मेघनाने काळजीने, अगदी मायेने विचारलं, "ताई, आजची चकती घेतली नाहीस का?"

"नाही."

"मग घे ना. लगेच बरं वाटेल."

वृषालीने ताटलीकडे पाहिलं. खरंच लगेच बरं वाटलं असतं. दुपारपर्यंत छातीतलं ते ओझं उतरलं असतं, आणि संध्याकाळी मेघनाला कशासाठी फोन केला होता हे तिला नीट सांगताही आलं नसतं. मग दोघी आपापल्या घरी सुखाने म्हाताऱ्या झाल्या असत्या, एकमेकींना एकदाही हाक न मारता.

"मेघू, माझं एक ऐकशील? तूही घेऊ नकोस. थोडे दिवस."

"का?"

"मला एकटीला फार होतंय."

"म्हणजे तुला त्रास होतोय," मेघना सावकाश म्हणाली, हिशोब समजून घ्यावा तशी, "म्हणून मलाही व्हावा?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखर विचारत होती. वृषालीने शहाण्यासारखं एखादं उत्तर शोधलं. हे तुझ्याच भल्याचं आहे, माणसाने असं जगू नये, असं काहीबाही. पण तिला ते खोटं वाटलं. पोट भरलेल्या माणसाला भूक चांगली असते हे कसं पटवायचं? आणि मेघनाला त्रास होणार हे तर अगदी खरं होतं.

"हो," ती म्हणाली. "तुलाही व्हावा."

"बघते," मेघना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वृषालीने चकती नळाखाली धरली. ती बोटांवरच विरघळली, हिरवं पाणी मोरीत गेलं. मोठं शौर्य केलं असं तिला मुळीच वाटलं नाही. उलट हातातलं औषध वाया घालवल्याचा पश्चात्ताप पाठोपाठ आला. पुढचे दिवस वाईट गेले. ती सकाळी प्रिंटरचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची आणि दुपारी सरळ करायची, आणि मग पुन्हा भिंतीकडे. एकदा तर अंगठा खिडकीपर्यंत गेला होता. एसटी स्टँडवर जाऊन बसली, तर तिथली माणसंही निवांत होती. शेजारच्या बाकावरच्या बाईला तिने गाडी कुठली विचारली. बाईने हसून सांगितलं आणि परत समोर पाहत बसली. फोन वाजला नाही. मेघनाने विचार केला असेल आणि शहाणपणाने चकती जिभेवर ठेवली असेल. कुणीही ठेवली असती. आपण सख्ख्या बहिणीला मुद्दाम दुखणं मागितलं, आणि तिने ते घेतलं नाही, यात तिचं काय चुकलं? वृषालीने आठवड्याच्या शेवटी स्वतःशी ठरवलं, उद्या सकाळी अंगठा लावायचा आणि हा खेळ संपवायचा.

फोन त्याच संध्याकाळी वाजला. तिने उचलला, तर पलीकडे आधी नुसता श्वास होता, धाप लागल्यासारखा.

"काय केलंस हे मला?" मेघना ओरडली. "सुखात होते ना मी! का फोन केलास तू? तीन रात्री झोप नाही मला. केदारला फोन केला तर म्हणतो, आई, काही काम होतं का? माझा मुलगा विचारतो मला, काम होतं का!"

"मेघू..."

"मधे बोलू नकोस! तू पहिल्यापासून अशीच. आई आजारी होती तेव्हा सगळं मी एकटीने काढलं. तू यायचीस, घटकाभर बसायचीस, आणि दुकान आहे म्हणून पळायचीस. मी कधी बोलले नाही. बोलले का कधी? आणि आता तुला एकटं वाटतं म्हणून तू मला..." पुढचे शब्द रडण्यात बुडाले. मग ते पुन्हा वर आले, आणखी मोठ्याने.

खरं होतं ते. आईच्या वेळी ती पळाली होती. वृषाली भिंतीला टेकून खाली बसली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाईट वाटत होतं, लाज वाटत होती, आणि इतकं बरं वाटत होतं की ते तिचं तिलाच पटेना. गेल्या कित्येक वर्षांत तिच्यावर कुणी चिडलंच नव्हतं.

पलीकडे मेघना दम घ्यायला थांबली.

वृषालीने फोन कानाशी घट्ट धरला. "बोल," ती म्हणाली, "थांबू नकोस, मी ऐकतेय."